मागून चालणारा कॅमेरा

सुरुवातीलाच सांगून टाकतो... मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझ्या धंद्यात ते परवडतच नाही. घाटंजीत माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्न, साक्षगंध, वाढदिवस, सप्ताह, जे आणाल ते एडिट करून देतो. तालुक्यातल्या कितीतरी देवांच्या फोटोमागची तेजोवलयं मी माउसने काढलेली आहेत. एका जत्रेच्या व्हिडिओत मूर्तीवर 'आपोआप' पडलेला प्रकाशझोत अजून व्हॉट्सॲपवर फिरतो, खाली लोक हात जोडतात. तो माझ्याच कॉम्प्युटरमधून निघालाय.

त्यात स्वभाव संशयी. दूधवाला जास्त गोड बोलला की आज पाणी जास्त आहे, हे मी दूध न बघता सांगतो. लोकांची लग्नं एडिट करतो पण स्वतःचं अजून शूट झालेलं नाही, त्याचं कारणही हाच स्वभाव, असं माझ्या काकूचं मत आहे.

या स्वभावाचा एक उपयोग मात्र झाला. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक क्राइम मालिका लागते (नाव घेत नाही, तिचे भक्त इथेही असतील). खऱ्या घटनांवर आधारित म्हणतात, नावं-गावं बदलून दाखवतात. तिच्या प्रत्येक भागाची मी फेसबुकच्या एका ग्रूपवर चिरफाड लिहितो. साचा ठरलेला असतो हो. आधी प्रेत, मग इन्स्पेक्टर, दुसऱ्या ब्रेकच्या आधी एक चुकीचा संशयित, त्याच्या तोंडावर तीनदा झूम आणि प्रत्येक झूमला ढॅण! माझे दोन नियम ग्रूपवर बरेच गाजलेत. पहिला – बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. वाईट बातमी कळल्यावर ज्याचा चेहरा बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा हलतो, तोच गुन्हेगार. दुसरा – प्रत्येक सीनला मालक असतो. म्हणजे जे दाखवलंय ते कोणीतरी पाहिलेलं, ऐकलेलं असलं पाहिजे. असा मालकच सापडत नसेल तर तो सीन लेखकाने पंख्याखाली बसून रचलाय असं समजायचं.

हे दोन नियम नीट लक्षात ठेवा. पुढे लागतील.

आमचं गाव घाटंजीपासून फार लांब नाही. नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथेच राहतात. घरात आम्ही तिघं – बाबा, मी आणि काकू. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, बंडूकाकाची बायको. त्यांना मूलबाळ नाही.

आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते, आणि बोलायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगते. मधे कोणी नसेल तर भिंतीला सांगते. बऱ्याच घरांतून हे आता सुटत चाललंय, पण काकूने सोडलं नाही. आई गेल्यापासून मधला निरोप्या मी. "बाबू, पानी गरम झालं म्हना," काकू म्हणते. बाबा समोर बसलेले असतात, त्यांना सगळं ऐकू येत असतं, तरी मी आपला म्हणतो, "बाबा, पाणी गरम झालं." आमचं घर असं चालतं.

बंडूकाका वारला तेव्हा मी यवतमाळला शिकायला होतो, म्हणजे बारा-तेरा वर्षं झाली असतील. पोळा होऊन गेला होता, पाऊस सुरूच होता. काका घाटंजीच्या बाजाराला पायी गेला, तो संध्याकाळी परत आलाच नाही. बाबा शोधायला जाऊन हात हलवत परतले. सकाळी काका नाल्यात सापडला, रपट्याच्या खालच्या अंगाला. रपटा म्हणजे आमच्याकडचा तो बुटका पूल, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं. काकाची थैली रिकामी होती, बाजाराचं काहीच नव्हतं. काका पूर्वी प्यायचा. त्यामुळे सगळ्या गावाने एका वाक्यात निकाल लावला, बाजार पिऊन टाकला आणि पाण्यात पडला. बाबाही तेच म्हणाले. एकटी काकू सांगत राहिली की पोळ्यापासून त्यांनी थेंब घेतला नव्हता. पण दारुड्याच्या बायकोचं कोण ऐकतं?

आता त्या शनिवारचं सांगतो.

दिवाळी झाली होती, कापसाची वेचणी जोरात होती. आम्ही तिघं टीव्हीसमोर. बाबा खुर्चीत, मी खाटेवर, काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर घेऊन. एपिसोड सुरू झाला आणि मला हसूच फुटलं. खाली लिहिलं होतं, 'विदर्भातील एक गाव'. माती लालभडक, मागे नारळाची झाडं! कपाशीच्या झाडांना मेडिकलमधला कापूस चिकटवलेला. मी मोबाईल काढून चिरफाडीसाठी मुद्दे टिपायला लागलो.

तेवढ्यात पडद्यावरच्या बाईने चुलीवरचा बिडाचा तवा उचलून अंगणात फेकला. तवा आधीच चिरलेला असतो, भाकर तुटत असते. "हा तवा काय माह्या बापानं देल्ता काय?" असं काहीतरी ती नवऱ्याला म्हणते. तो जेवण न करता थैली उचलतो. तेवढ्यात अंगणात त्याचा थोरला भाऊ येतो, बैलांना पाणी पाजायला. आणि ती नटी झटकन पदर ओढते आणि भिंतीकडे तोंड करून म्हणते, "बादली तिकडं हाय म्हना."

मी चमकलोच. मुंबईच्या लेखकाला हे कोणी सांगितलं?

काकूकडे बघितलं तर ती लसूण सोलता सोलता थांबली होती.

पुढचा भाग या मालिकेसारखा नव्हताच. संगीत नाही, झूम नाही, ढॅण नाही. माणूस बाजारात जातो. कॅमेरा त्याच्या मागे, खांद्याच्या जरा वर, दोन-चार पावलं अंतर ठेवून चालतोय. तो लोहाराकडून नवा तवा घेतो. घेताना तवा बोटांच्या टोकांवर धरतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारतो आणि कान लावून ऐकतो. चीर असली की आवाज बसका येतो, म्हणून. बंडूकाका मडकं असो, तवा असो की टरबूज, असंच वाजवून घ्यायचा. मग तो परत निघतो. तवा बगलेत, रिकामी थैली खांद्यावर. कॅमेरा पुन्हा मागे. दुसऱ्या कोणाचा चेहरा नाही, कट नाही.

"बाबू," काकू हळूच म्हणाली, "त्याच्या मांगं कोन चालून राह्यलं?"

"कोणी नाही काकू, कॅमेरा आहे तो."

"कॅमेरा असा चालते काय?"

बाबा उठले. "ढोरायले कुटार टाकून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. त्यामुळे पुढचं त्यांनी बघितलं नाही. हेही लक्षात ठेवा.

पडद्यावर नाला येतो. रपट्यावर पाणी चढतंय आणि मधोमध बकरीचं एक पिल्लू उभं, केकाटतंय. माणूस थांबतो. तवा जड आहे, दोन्ही हात मोकळे हवेत. कडेला आंब्याचं झाड आहे, त्याच्या बेचक्यात तो तवा ठेवतो. पाठ वर करून, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. मग पाण्यात उतरतो. कॅमेरा मात्र झाडाशीच थांबतो. माणूस पिल्लाला पलीकडे ढकलतो, पाय घसरतो... आणि पाणी. नुसतं पाणी, बराच वेळ. गरजेपेक्षा फार लांब ठेवलेला शॉट होता तो, मी असतो तर निम्म्यात कापला असता.

ब्रेकनंतर मालिका मूळपदावर आली. त्याच बाईच्या बोटांना लाल नेलपॉलिश, खतांच्या दुकानदाराशी लफडं, इन्स्पेक्टरच्या गाडीचा धुरळा. ती भासऱ्यासमोर उघड्या डोक्याने कंबरेवर हात ठेवून भांडते, "दादा, तुम्ही मध्ये पडू नका!" शेवटी कळतं की बायकोनेच प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला पाण्यात लोटलं. बेड्या, तीनदा झूम, ढॅण.

काकूने सोललेला लसूण परडीत टाकला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून गाव फिरलं. काकूच्या हाताखाली वेचणीला बायांची टोळी असते. रविवारी सकाळी एकही आली नाही. हापशीवर एकजण दुसरीला म्हणत होती, मी स्वतः ऐकलं, "तवा त होताच ना वं तिच्या घरचा! मंग आर्धं खरं, अन् आर्धं खोटं कसं असन?" त्या बाईचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता, हाच वांधा होता. पहिला अर्धा भाग इतका आमच्या गावचा होता की दुसऱ्या भागालाही लोक मान डोलावत होते. पानठेल्यावर तर खतांचा दुकानदार कोण असेल त्यावर चर्चा सुरू झाली.

आणि बाबा... बाबांनी तिसऱ्या दिवशी मला सांगितलं, "तिले म्हना, उमरखेडले भावाकडं जाऊन राह्य काही दिवस. लोकायचं तोंड बंद होऊ दे."

काकू दाराआड होती, तिने ऐकलं. भिंतीलाही काही उत्तर दिलं नाही. मी आत गेलो तर ट्रंक उघडून लुगडी काढत होती.

"म्या लोटलं त्यायले, असं लोकं म्हनतात," ती म्हणाली. "तुये बाबा बी म्हनतात काय, बाबू?"

मला राग आला – त्या मालिकेचा, गावाचा, बाबांचा. या बाईने आईमागे मला जेवू घातलं. आता ती या वयात भावजयीच्या दारात जाऊन बसणार, तेही नवरा मारल्याचा ठपका घेऊन! मी म्हटलं, "ट्रंक बंद कर. मला दोन दिवस दे. आणि मला सांग, तव्याचं खरं काय आहे?"

ती खाली बसली आणि तिने सांगितलं. त्या सकाळी खरंच तव्यावरून भांडण झालं होतं. तवा तिने खरंच फेकला होता. काका खरंच उपाशी गेला. "म्या कोनालेच सांगतलं नाई. उपाशी धाडलं मानसाले, हे कोन्या तोंडानं सांगू?" बारा-तेरा वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. आणि मग ती म्हणाली, "पन नवा तवा घेतला हे मले कुठं माहीत होतं रे!" आणि तोंडावर पदर धरून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

दुकानात जाऊन शटर अर्धं ओढलं आणि ॲपवर तो एपिसोड पुन्हा पुन्हा बघितला. मनात एकच संशय – ही बातमी मालिकेला कोणी पुरवली? माझा दुसरा नियम लावला. भांडण काकूला माहीत, पण खरेदी माहीत नाही. खरेदी लोहाराला माहीत, पण भांडण माहीत नाही. आणि झाड, पिल्लू, पाणी हे तर कोणालाच माहीत नाही. लोहार आता हयात नाही, तो आणि काकू कधी एकमेकांशी बोललेही नाहीत. दुसऱ्या अर्ध्या भागाला मालकच नव्हता, तो सरळसरळ पंख्याखाली रचलेला. ज्याने पहिल्या भागात भिंतीशी बोलणारी बाई दाखवली, तो दुसऱ्या भागात तिला भासऱ्याच्या अंगावर धावून जाऊ देणारच नाही. दोन वेगळ्या माणसांचं काम होतं ते.

त्या मालिकेचा एक एडिटर माझी चिरफाड वाचतो, अधूनमधून फोनवर बोलतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, जुन्या पेपरातल्या चार ओळींच्या बातमीवरून गोष्ट घेतली होती. स्क्रिप्टमध्ये पहिला अर्धा भाग नव्हताच. तिथे एवढंच लिहिलं होतं – बाजारातून परत येताना त्याचा मृत्यू.

"मग तवा कुठून आला?"

त्याने चौकशी करून दोन दिवसांनी फोन केला, आवाज जरा उतरला होता. दिग्दर्शक म्हणतो, नटाने सेटवर सुचवलं, मला आवडलं. नट म्हणतो, मला दिग्दर्शकानेच सांगितलं, टिचकीसुद्धा त्याने दाखवली. नटीला वाटलं पदर आणि भिंत लेखकाचं, लेखक शूटिंगला आलाच नव्हता. मागून चालायचं कॅमेरामनला दिग्दर्शकाने सांगितलं, आणि दिग्दर्शकाला वाटतं ती कॅमेरामनची कल्पना. शूटिंगमध्ये असं होतं म्हणा, घाईत कोणाचं काय ते कोणाला आठवत नाही. यातला एकही जण कधी यवतमाळ जिल्ह्यात आलेला नाही.

"अजून एक," तो म्हणाला. "तो शेवटचा पाण्याचा लांब शॉट. मी तो निम्म्यात कापला होता रे. माझ्या टाइमलाइनवर आजही कापलेलाच आहे."

टीव्हीवर तो पूर्ण दिसला होता. ॲपवर आजही पूर्ण आहे.

घरी येऊन काकूला म्हटलं, "हे सगळं माहीत असणारा एकच माणूस आहे, काकू."

"ते," ती म्हणाली. दचकली नाही, काही नाही. जणू काका शेजारच्या खोलीत आहे. मग थोडा विचार करून म्हणाली, "मंग तवा झाडातच असन. पाह्यला पायजे."

बाबांना मी एवढंच सांगितलं की मालिकेत तवा रपट्याजवळच्या झाडात ठेवलेला दाखवलाय, तर बघून येतो. त्यांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि आमच्या पुढे चालायला लागले.

वरच्या अंगाला नवा पूल झाल्यापासून तो रस्ता बंद आहे. बेशरमाची रानटी झुडपं माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहेत, ढोरंही तिकडे जात नाहीत. बाबा तर काका गेल्यापासून त्या वाटेला गेलेच नव्हते, शेतात जायलाही लांबून फिरून जायचे. दुपारचं ऊन, काकू सगळ्यात मागे. बाबा झुडपं तोडत चालले. नाल्याच्या काठाला झाडांची रांगच आहे, कडुनिंब, मोह, बाभळी. आंबा एकही नाही. म्हणजे टीव्हीवरून झाड ओळखायची सोय नव्हती. मी पहिल्या झाडापासून सुरुवात केली, वर बघत, फांदी फांदी.

बाबा तीन-चार झाडं मान वर न करता ओलांडून गेले. एका मोहाला वळसा घालून पाण्याच्या बाजूला गेले, उभे राहिले आणि हात वर केला.

तवा होता.

बेचक्यात, पाठ वर करून. मोहाचं लाकूड चहूबाजूंनी त्याच्या कडेवर चढलं होतं, जणू झाडाने ओठांत धरलाय. तो काल-परवा कोणी ठेवलेला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाबांनी कुऱ्हाडीने लाकूड हळूहळू सोडवलं. तवा मी काकूच्या हातात दिला. तिने पदराने गंज पुसला, बोटांच्या टोकांवर धरला आणि टिचकी मारली. गंजलेला तवा, पण आवाज खणखणीत आला.

"चिरला नाई," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

त्याच संध्याकाळी बाबा पानठेल्यावर गेले. तिथे बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहा भाऊ पिला नोता. बायकोसाठी तवा घेऊन येऊन राह्यलता. लेकराएवढं पिल्लू वाचवाले गेला अन् मेला. आता जो कोनी तिचं नाव काढन, त्यानं माह्या दारात येऊन बोलावं." बाबा एका दमात एवढं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बाया हजर. ज्या बाईने हापशीवर तर्क लढवला होता ती तवा बघायला आली आणि त्याला हळदकुंकू लावून गेली. ट्रंक परत माळ्यावर गेली.

इथे संपवलं असतं तर चांगली गोष्ट झाली असती. मृत नवऱ्याने टीव्हीतून येऊन बायकोची अब्रू वाचवली. तुमच्यापैकी बरेच जण हात जोडतील. पण मी सांगितलं ना, माझा स्वभाव.

ग्रूपवर चिरफाड लिहायची म्हणून मी पहिला अर्धा भाग पुन्हा लावला, स्क्रीनशॉट काढायला. काकाची पाठ. बाजारातली पाठ, रस्त्यावरची पाठ, पाण्यात उतरतानाची पाठ. आणि माझा हात माउसवरच राहिला.

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही.

ही गोष्ट काका सांगत असता तर आपल्याला त्याचे हात दिसले असते, तवा दिसला असता, समोरून येणारं पाणी दिसलं असतं. पाठ कोणाला दिसते? मागून चालणाऱ्याला. जो झाडाशी थांबला, पुढे गेला नाही, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, त्याला. काकूने हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी शहाणा तिला कॅमेरा समजावत बसलो.

मग एकेक आठवायला लागलं. भांडणाच्या वेळी अंगणात बैलांना पाणी पाजायला आलेला थोरला भाऊ. काकूला विचारलं तर म्हणाली, "व्हय, आल्ते ना तुये बाबा. बादली मागत होते." ती लांबून फिरून जायची वाट. मान वर न करता ओलांडलेली झाडं. टीव्हीवरचा झाडाचा सीन तर त्यांनी बघितलाच नव्हता.

एके दिवशी शेतात दोघंच होतो तेव्हा विचारलं, "बाबा, तुम्हाला ते झाड कसं कळलं?"

ते कपाशीकडे बघत राहिले. "माहीत नाई," म्हणाले. "पाय तिकडंच गेले."

असेलही तसं. सख्खा भाऊ होता. ज्याने मुंबईतल्या नटाला टिचकी शिकवली, त्याने भावाचे पाय वळवले असतील. आणि समजा, समजा बाबा त्या दिवशी मागे होते... कशामुळे होते, का थांबले, पाण्याला भ्यायले की आणखी काही, मला माहीत नाही. बाबांना पोहता येत नाही हे मला माहीत आहे. पण तरीही हे त्या मालिकेपर्यंत पोचलं कसं? बाबांच्या फोनला नुसती बटणं आहेत. घाटंजीच्या पलीकडे ते वर्षात एकदा जात नाहीत. ज्या गोष्टी माणूस बारा-तेरा वर्षं घरात बोलला नाही, त्या तो मुंबईत कोणाला सांगणार? आणि तो कापलेला शॉट पुन्हा कोणी जोडला? आता मनापासून वाटतं की ते काकाचं भूतच असावं. आयुष्यात पहिल्यांदा मी भुताच्या बाजूने आहे, कारण दुसरं जे काही स्पष्टीकरण आहे ते माझ्याच घरात राहतं, सकाळी माझ्याबरोबर चहा पितं.

चिरफाड मी लिहिली नाही. ग्रूपही सोडला.

एकच सांगायचं राहिलं. काकूने तो तवा विटकरीने घासला, तेल लावून चुलीवर तापवला, पुन्हा घासला. बरेच दिवस हे चाललं. मग एका दुपारी त्याच्यावर पहिली भाकर टाकली. बाबा आणि मी पाटावर बसलो होतो. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणेल, "बाबू, वाढून राह्यली म्हना." मी निरोप द्यायला तयारच होतो.

ती चुलीपुढून उठली आणि भाकर घेऊन सरळ बाबांसमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती बाबांच्या तोंडाकडे बघून बोलली.

"घ्या," म्हणाली. "त्यायनं आनलेल्या तव्यावरची हाय. तुमी त पाह्यलाच असन."

मी ग्रूपवर इतकी वर्षं लोकांना शिकवत आलो – बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. बाबा माझ्या शेजारीच बसले होते, हातभर अंतरावर.

मी खाली मान घालून माझ्या ताटातली भाजी कालवत राहिलो.